कॅसेटमध्ये मावले तेवढेच

बडोद्यात १९९० च्या दशकात ‘टीव्ही गेम’ म्हटले की एकच वस्तू डोळ्यांपुढे येई. प्लास्टिकचा हलका डबा, त्याला वायरने जोडलेले दोन रिमोट, वरच्या खाचेत उभी बसणारी कॅसेट आणि असलीच तर एक बंदूक. डब्यावर समुराई, मीडिया, लिटल मास्टर किंवा टर्मिनेटर असे काहीतरी छापलेले असे. डांडिया बाजार आणि रावपुऱ्यातल्या मराठी घरांत, रिफायनरी, जीएसएफसी आणि आयपीसीएलच्या वसाहतींत उन्हाळ्याच्या सुट्टीतली दुपार या डब्यासमोर जाई. ज्यांच्याकडे विकत घेण्याइतके पैसे नसत ते दिवसाच्या भाड्याने आणत. ती मुले आज चाळिशीत आहेत आणि त्या खेळांबद्दल हळवेपणाने बोलतात. खेळ म्हणून ते कसे होते, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. तो प्रश्न आता विचारायला हवा.

मुळातले यंत्र जपानचे. निन्टेन्डोने १५ जुलै १९८३ रोजी फॅमिकॉम बाजारात आणले. मासायुकी उएमुरा यांनी त्याच्या रचनेचे नेतृत्व केले होते. अमेरिकेत तेच यंत्र वेगळे रूप घेऊन १९८५ मध्ये एनईएस या नावाने गेले. आपल्या घरांत आलेले बहुतेक डबे या यंत्राच्या नकला होत्या आणि त्यांच्या पोटात तैवानच्या यूएमसीसारख्या कंपन्यांच्या चिपा असत. नक्कल म्हणून हिणवण्याआधी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. मूळ यंत्र आपल्याकडच्या मध्यमवर्गाच्या आवाक्यात कधी आलेच नसते. या नकलांनीच एका पिढीला संगणकाचे पहिले दर्शन घडवले.

पण नकलेने खेळ बदललाही. जपानमधला टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र उमटवी, आपल्याकडचा पाल पद्धतीचा टीव्ही ५० वेळा. त्या काळातले खेळ प्रत्येक चित्रामागे एक पाऊल पुढे सरकत. त्यामुळे जपानी मुलाचा मारिओ जिथे ६० पावले टाकी, तिथे आपला ५० टाकी. म्हणजे आपण ओळखतो तो मारिओ मूळ मारिओपेक्षा एक षष्ठांशाने संथ होता आणि कोजी कोंदो यांचे संगीतही तितक्याच संथ लयीत वाजत होते. उडी मारायला आपल्याला निमिषभर जास्त वेळ मिळे. आज मूळ वेगाने खेळताना बोटे चुकतात, त्याचे एक कारण हे आहे.

या यंत्राच्या मर्यादा कडक होत्या. कामचलाऊ स्मृती फक्त २ केबी. पडदा आडवा २५६ आणि उभा २४० ठिपक्यांचा, तोही ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकटी जुळवून भरायचा. हलणाऱ्या आकृतींचे ८ पेक्षा जास्त तुकडे एका आडव्या रेषेवर दाखवता येत नसत. नववा तुकडा दिसेनासा होई. तो कायमचा गायब राहू नये म्हणून रचनाकार तुकड्यांचा क्रम दर चित्रात फिरवत, म्हणजे सगळे थोडे थोडे लुकलुकत. गर्दीच्या प्रसंगी गोळ्या आणि शत्रू थरथरताना दिसत, ते डबा बिघडल्यामुळे नव्हे, तर कोणीतरी विचार करून काढलेल्या तोडग्यामुळे.

हे खेळ जोखायचे तर माझी कसोटी एकच आहे: मर्यादेचे रचनाकाराने काय केले? शिगेरु मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) या कसोटीवर आजही खणखणीत उतरतो. ३२ टप्प्यांचा हा अख्खा खेळ ४० केबीत बसतो. त्यातला ढग आणि झुडूप हा एकच आकार आहे, फक्त रंग बदलला आहे. पहिल्याच टप्प्यात चालत येणारा शत्रू सांगतो की उडी मारा. डोक्यावरच्या ठोकळ्यातून निघालेले मशरूम उजवीकडे घरंगळते, पाइपला आपटते आणि परत आपल्याकडे येते, त्यामुळे पळून जावेसे वाटले तरी ते बहुधा मिळतेच. एकही सूचना न लिहिता खेळाडूला नियम शिकवलेले आहेत. इंग्रजी न वाचता येणारे मूलही तो खेळू शके, ते याच रचनेमुळे. उणे एवढेच की राजकन्या शेवटचे बक्षीस होण्यापलीकडे काही नाही, आणि आठपैकी सात किल्ल्यांत तीही नसते.

नामकोचा ‘बॅटल सिटी’ (१९८५), म्हणजे आपला टँकवाला गेम, माझ्या मते त्या कॅसेटींमधला सर्वांत शहाणा खेळ. पडद्याच्या तळाशी विटांच्या आड एक गरुड आहे, त्याला वाचवायचे आणि शत्रूचे २० रणगाडे संपवायचे. गोळीने विटा फुटतात, पण त्याच विटा आपले संरक्षणही आहेत. आपलीच गोळी गरुडाला लागली तरी डाव संपतो. दोघे खेळत असतील तर जोडीदाराला लागलेली गोळी त्याला काही क्षण जागीच खिळवून ठेवते. त्यामुळे भावाभावांना बोलावेच लागे: तू डावीकडे थांब, मी वर जातो. खेळाने लावलेले हे सहकार्य आजच्या कितीतरी महागड्या खेळांत सापडत नाही. ३५ टप्पे झाले तरी कंटाळा आला नाही, कारण स्वतःचा नकाशा रचण्याची सोय त्यात होती.

कोनामीच्या ‘कॉन्ट्रा’ला (१९८८) आपण मनात सर्वांत वरचे आसन दिले आहे. त्याचा वेग आणि बंदुकांची विविधता अजून जिवंत वाटते. पण त्याचा कठीणपणा सगळा प्रामाणिक नाही. नाण्यावर चालणाऱ्या यंत्राला खेळाडू लवकर मरायला हवा असतो. तोच हिशेब घरच्या कॅसेटमध्ये उतरला. एक गोळी, एक मृत्यू, तीन लाइफ. धबधब्याच्या तिसऱ्या टप्प्यात पुढचा खेळाडू वर चढला की पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेला जोडीदार काही चूक नसताना मरतो. म्हणूनच ३० लाइफ देणारी बटणांची युक्ती सगळ्यांना पाठ होती. ती युक्ती काझुहिसा हाशिमोतो यांनी ‘ग्रॅडियस’साठी योजली होती, कारण चाचणी घेताना तो खेळ त्यांनाच जड जात होता.

काही खेळ तेव्हाही सुमार होते. ‘अर्बन चॅम्पियन’मध्ये (१९८४) दोन माणसे रस्त्यावर ठोसे मारतात, एक मागे ढकलला जातो आणि पुन्हा तेच सुरू होते. मर्यादेतून काही नवे काढण्याऐवजी तिथे मर्यादाच लांबवली आहे. याउलट ‘डक हंट’मध्ये (१९८४) खेळ साधा आणि कारागिरी अफाट. घोडा ओढताच पडदा एक चित्रभर काळा होतो, पुढच्या चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतला संवेदक तो उजेड टिपतो. आधीचा काळोख दिसला नाही तर नेम धरला जात नाही, म्हणून बंदूक बल्बकडे रोखून फसवता येत नसे. नव्या सपाट टीव्हीवर चित्र किंचित उशिरा उमटते, त्यामुळे जुनी बंदूक तिथे निकामी ठरते.

आता खरा मुद्दा. हे खेळ आपण आवडीने निवडले, असे आपल्याला वाटते. निवड आपली नव्हती. कॅसेटवर शेकडो, हजारो खेळ असल्याचे छापलेले असे. प्रत्यक्षात मूठभर खेळ नावे आणि सुरुवातीचे टप्पे बदलून पुन्हा पुन्हा येत. जादा चिप न लावता एका खेळासाठी ४० केबी हीच कमाल जागा होती, आणि या स्वस्त कॅसेटींत त्या आकाराचे, बहुतांशी १९८४ ते ८६ चे खेळच कोंबले जात. ‘द लेजंड ऑफ झेल्डा’सारखे मोठे, मजकुराचे, प्रगती साठवून ठेवायला बॅटरी लागणारे खेळ त्यात क्वचितच शिरले. अमेरिकेत ‘बॅटल सिटी’ त्या काळी अधिकृतपणे विकलाच गेला नाही, आपल्याकडे मात्र तो घरोघरी होता. आपली अभिरुची जागेच्या हिशेबाने घडली. त्यातून काही फार चांगले आपल्या वाट्याला आले आणि कथेचा, शोधाचा एक मोठा प्रांत कायमचा हुकला. शिवाय अनेक कॅसेटींत पहिल्या पडद्यावरचे कंपनीचे नाव पुसलेले असे. कोनामी, नामको, मियामोतो ही नावे आपल्यापर्यंत आलीच नाहीत.

ही परीक्षा बडोद्याने घ्यावी, असे मला मनापासून वाटते. सयाजीराव महाराजांच्या कलाभवनाने १८९० पासून हस्तकौशल्याला विद्येचा दर्जा दिला. दादासाहेब फाळके तिथेच शिकले, आणि त्यांनी ज्या भारतीय चित्रपटसृष्टीचा पाया घातला तिच्यातले बहुतेक मूकपट आज हाती नाहीत, कारण तेव्हा ते जपण्याजोगे वाटले नाहीत. पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला शाखेत के. जी. सुब्रमण्यन यांनी भित्तिचित्रांइतक्याच गांभीर्याने खेळणी घडवली आणि ती शाखेच्या जत्रेत लोकांपुढे ठेवली. मोजके आकार, मोजके रंग आणि त्यातून नवी भाषा, हे ज्या शहराने शिकवले, त्याला ८ बाय ८ ठिपक्यांची कारागिरी परकी नाही.

म्हणून मागणी साधी आहे. शहरातल्या माळ्यांवर हे डबे आणि काचेच्या नळीचे टीव्ही अजून पडून आहेत. ते भंगारात जाण्याआधी विद्यापीठाने किंवा संग्रहालयाने गोळा करावेत, चालू स्थितीत ठेवावेत, आणि प्रत्येक खेळाशेजारी त्याच्या कर्त्यांची नावे, साल आणि नकलेत काय बदलले याची नोंद लावावी. ५० च्या आणि ६० च्या वेगाचे मारिओ शेजारी शेजारी चालवून दाखवावेत. विद्यार्थ्यांनी ते खेळून पाहावेत आणि चांगल्याला चांगले, सुमाराला सुमार म्हणावे. बालपणाचा मान राखण्याचा याहून चांगला मार्ग मला दिसत नाही.