अंगठा दिला म्हणून हक्क जात नाही

कापसाचा हंगाम चालू आहे. धरणगाव, एरंडोल, अमळनेर भागातल्या जिनिंगमध्ये आपल्या गटांतल्या कितीतरी जणी रोजानं जातात. म्हणून आज बचतीचा विषय बाजूला ठेवते.

आमच्या एका गटातल्या ताईंची गोष्ट. वय पस्तीस. जिनच्या रोलरजवळचा कचरा काढताना हात आत ओढला गेला आणि उजव्या हाताचा अंगठा गेला. मुकादमानं खासगी दवाखान्यात नेलं, बिल भरलं. आठ दिवसांनी घरी येऊन पंधरा हजार रुपये दिले आणि स्टॅम्प पेपरवर अंगठा घेतला, डाव्या हाताचा. कागदावर लिहिलं होतं, ‘मला पूर्ण भरपाई मिळाली, माझी काही तक्रार नाही.’ पुढं त्या गटाच्या बैठकीत कर्ज मागायला आल्या, तेव्हा आम्हाला हे कळलं. मालकानं दिलं ते उपकार, असंच त्यांना वाटत होतं. खरं सांगते, मलाही तेव्हा यातलं फार माहीत नव्हतं.

कामावर इजा झाली तर मालकानं भरपाई द्यावी, हा कायदा १९२३ सालापासून आहे. आता त्यातल्या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आल्या आहेत आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. आज मी सांगते त्या मुख्य गोष्टी दोन्हीकडे सारख्याच आहेत.

हक्क सोडून दिल्याचा कागद कायद्यानं रद्दच असतो. त्यावर सही असो, अंगठा असो. आणि बाईला एकरकमी भरपाई द्यायची असेल तर मालकानं ती परस्पर हातात द्यायचीच नाही. ती भरपाईच्या अधिकाऱ्याकडे जमा करायची आणि तिथून ती बाईला मिळते. कामगाराचा मृत्यू झाला तरी हाच नियम. घरी येऊन नोटा ठेवल्या म्हणजे हिशेब मिटला असं होत नाही. शंभर वर्षांपूर्वी कायद्यात हे का घातलं असेल, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

आता आकडा बघा. ताईंना तीनशे रुपये रोज, म्हणजे महिन्याचे नऊ हजार धरू. त्याचे साठ टक्के ५,४०० रुपये. कायद्यात वयाप्रमाणे एक आकडा दिलेला आहे, पस्तीसाव्या वर्षासाठी तो १९७.०६. गुणाकार केला की १०,६४,१२४ रुपये होतात. अंगठा गेला तर कमाईची ताकद तीस टक्के गेली असं कायद्याच्या तक्त्यात धरलं आहे. दहा लाख चौसष्ट हजारांचे तीस टक्के म्हणजे ३,१९,२३७ रुपये. आणि हातात आले होते पंधरा हजार. दवाखान्याचा खर्चही मालकाचाच, तो भरपाईतून कापता येत नाही.

‘तुझंच लक्ष नव्हतं’ हे तर हमखास ऐकायला मिळतं. नुसत्या बेसावधपणानं हक्क जात नाही. नशेत असणं, सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडणं किंवा यंत्राची जाळी मुद्दाम काढणं, अशा कारणांवर मालक हरकत घेऊ शकतो. पण मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर तीही हरकत चालत नाही. ‘तू मुकादमाची माणूस, आमची नाही’ हेही चालत नाही. काम जिनचं असेल तर मूळ मालकाकडे भरपाई मागता येते.

काही जणी विचारतात, ईएसआयचं काय? फक्त कापूस पिंजण्या-दाबण्याचं काम करणारे कारखाने हंगामी धरले जातात आणि ईएसआयमधून वगळलेले असतात. म्हणून जिनिंगच्या बायांना हाच कायदा कामाचा.

खरी अडचण पुराव्याची. आपल्याकडे ना नेमणुकीचं पत्र, ना पगाराची पावती. म्हणून इजा झाली की दवाखान्यात केस पेपरवर ‘अमुक जिनमध्ये यंत्रात हात गेला’ असं लिहूनच घ्या. ‘घरी पडले’ असं कुणी सांगायला लावलं तरी सांगू नका. मजुरी फोनवर जमा होत असेल तर तो मेसेज पुसू नका. हजेरीचं कार्ड असेल तर जपा, आणि सोबत काम करणाऱ्या दोघी-तिघींची नावं लिहून ठेवा. मालकाला लेखी नोटीस स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोचपावती ठेवा.

कामावर जाता-येता झालेल्या अपघाताचंही सांगते, कारण आपल्याकडे टेम्पोत कोंबून नेतात. धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा रखवालदार २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलवर निघाला आणि कारखाना पाच किलोमीटर राहिला असताना अपघातात गेला. मागे बायको, चार मुलं, आई. २००९ मध्ये ३,२६,१४० रुपये व्याजासह मंजूर झाले, २०११ मध्ये हायकोर्टानं ते रद्द केले. घरचे सुप्रीम कोर्टात गेले. २९ जुलै २०२५ ला कोर्टानं सांगितलं की अपघाताची वेळ, जागा, परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसत असेल तर तो कामावरचाच अपघात. बावीस वर्षं लागली. नव्या संहितेत आता हे लिहूनच ठेवलं आहे.

अर्ज दोन वर्षांच्या आत करायचा. वकिलाच्या फीची काळजी करू नका. बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळतो. जळगावच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात साधा अर्ज द्यायचा, किंवा १५१०० या नंबरवर फोन करायचा.

ताईंचा अर्ज मुदतीला बावीस दिवस उरले असताना दाखल झाला. निकाल अजून नाही. दर तारखेला गटातल्या दोघी त्यांच्यासोबत जातात आणि त्या दोघींचं एसटीचं भाडं गटाच्या खर्चात लिहायचं, असा ठराव आम्ही केला आहे.