१० हजार माणसं, पगार शून्य! मँचेस्टरने माणसं कशी घडवली आणि आपण त्यातून काय घ्यायचं?



आपल्या बॅचमध्ये सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न कोणता, माहितीये? भांडवलाचा नाही, जीएसटीचाही नाही. प्रश्न असतो माणसांचा. "सर, माणसं मिळत नाहीत. मिळाली तर शिकत नाहीत. आणि शिकली की सोडून जातात."

म्हणून या वेळच्या व्हिडिओत आपण एक वेगळंच उदाहरण घेतलं. फक्त ११ दिवसांचं काम. त्यासाठी हवीत १० हजार माणसं. पगार द्यायचा नाही. आणि काम असं की सगळं जग बघतंय, चूक झाली तर झाकायला जागा नाही. हे कोणी केलं, कसं केलं, आणि आपल्या चार-सहा माणसांच्या धंद्यात त्यातलं काय चालतं, ते इथे सविस्तर बघू.

मँचेस्टर, २००२

इंग्लंडमधलं मँचेस्टर म्हणजे कापड गिरण्यांचं शहर. आपल्या गिरणगावाचं जे झालं, तेच तिथे आधी झालं. गिरण्या गेल्या, कारखाने गेले, हाताचं काम गेलं. शहराच्या पूर्व भागात तर बेकारी मुक्कामालाच आली होती. २००२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी मुख्य स्टेडियम याच भागात बांधलं, जिथे एकेकाळी कोळशाची खाण होती तिथे. स्पर्धा २५ जुलै ते ४ ऑगस्ट. ७२ संघ, १७ खेळ, आणि सुमारे १० हजार स्वयंसेवक.

सोपा रस्ता काय होता? जाहिरात द्यायची. अर्ज करणार कोण? ज्यांना इंग्रजी फाडफाड येतं, ज्यांनी अशी कामं आधी केली आहेत, ज्यांच्याकडे वेळ आणि पैसा दोन्ही आहे. त्यातले चांगले निवडायचे, विषय संपला.

मँचेस्टरने आणखी एक दार उघडलं. स्पर्धेच्या बरंच आधी त्यांनी स्वयंसेवक होण्याआधीचा एक प्रशिक्षण कार्यक्रम सुरू केला. तो कोणासाठी होता? मागास वस्त्यांतले लोक, बरेच दिवस बेकार असलेले, अपंग, अल्पसंख्याक. म्हणजे नेहमीच्या निवडीत जे पहिल्याच फेरीत बाहेर पडतात ते. त्यांना मोठ्या कार्यक्रमात काम कसं करायचं ते शिकवलं आणि शेवटी मान्यताप्राप्त प्रमाणपत्र दिलं.

आता नीट लक्ष द्या. हा कोर्स केला म्हणजे स्पर्धेत जागा पक्की, असं अजिबात नव्हतं. सगळ्यांची निवड झाली नाही. पण निवड झाली नाही तरी हातात प्रमाणपत्र राहिलं, अंगात आत्मविश्वास राहिला आणि पुढच्या नोकरीच्या अर्जात लिहायला एक ओळ मिळाली. ११ दिवसांची स्पर्धा संपली तरी माणसाकडे काहीतरी शिल्लक राहिलं पाहिजे, असा तो विचार होता.

आणि स्पर्धा संपल्यावर? आपल्याकडे काय होतं? मांडव उतरला की वही हरवते. मँचेस्टरने ती यादी जपली. 'मँचेस्टर इव्हेंट व्हॉलंटियर्स' नावाची व्यवस्था उभी केली. शहरात शर्यत असो, उत्सव असो, आयोजकांना तयार माणसं मिळायला लागली आणि माणसांना कामाचा अनुभव. स्पर्धा एकदाच झाली, फळं मात्र पुढे अनेक वर्षं मिळाली.

लंडनने हाच धागा पुढे नेला

दहा वर्षांनी, २०१२ मध्ये लंडन ऑलिंपिक झालं. तिथल्या स्वयंसेवकांना 'गेम्स मेकर' म्हणायचे. नाव बघा! 'मदतनीस' नाही, 'कार्यकर्ता' नाही. खेळ घडवणारे! २ लाख ४० हजार अर्ज आले, निवडले ७० हजार. म्हणजे दहा अर्जांमागे जेमतेम तिघं.

अर्ज घ्यायला सुरुवात कधी झाली? सप्टेंबर २०१० मध्ये. स्पर्धा जुलै २०१२ ची. जवळजवळ दोन वर्षं आधी!

मँचेस्टरची कल्पनाही त्यांनी उचलली. बेकार लंडनकरांसाठी 'पर्सनल बेस्ट' नावाचा कोर्स काढला. तो पूर्ण केला की मुलाखतीची हमी. निवडीची हमी नाही, मुलाखतीची. दार उघडून दिलं, आत चालत जायचं ते स्वतःच.

प्रशिक्षणाचे तीन टप्पे होते:

१. ओळख. हे सगळं काय आहे, आपण इथे का आहोत, लोकांशी कसं वागायचं. फेब्रुवारी २०१२ मध्ये वेम्बली अरीनात याची सुरुवात झाली.

२. काम. तुझी नेमकी जबाबदारी काय. तिकीट तपासणाऱ्याला तिकिटाचं, गाडी चालवणाऱ्याला गाडीचं.

३. जागा. ज्या मैदानावर उभं राहायचं तिथेच नेऊन दाखवायचं. दार कुठे, स्वच्छतागृह कुठे, प्रथमोपचार कुठे, आग लागली तर बाहेर कुठून पडायचं.

आणि या प्रशिक्षणात भागीदार कोण होतं? मॅकडोनल्ड्स! बर्गरवाल्यांचा ऑलिंपिकशी काय संबंध, असं वाटेल. पण विचार करा, ज्याने आयुष्यात कधी काम केलेलं नाही अशा पोराला थोड्या दिवसांत काउंटरवर उभं करायचं, हाच तर त्यांचा रोजचा धंदा आहे.

त्याच लंडनमधली दुसरी बाजू

हा भाग व्हिडिओत घाईत झाला, म्हणून इथे नीट सांगतो. ऑलिंपिकच्या सुरक्षेचं कंत्राट एका मोठ्या खासगी कंपनीकडे होतं. १० हजारांहून जास्त रक्षक पुरवायचे होते. उद्घाटनाला जेमतेम १५ दिवस उरले असताना जाहीर झालं की तेवढी माणसं उभी राहत नाहीत. शेवटी ब्रिटिश सरकारला आणखी ३,५०० सैनिक बोलवावे लागले.

म्हणजे एकाच शहरात, एकाच स्पर्धेत, पगार देणारी भरती अडकली आणि बिनपगारी भरती पार पडली. यावरून "पगाराला महत्त्व नाही" असा अर्थ काढू नका, तो साफ चुकीचा आहे. स्वयंसेवकांची तयारी दोन वर्षं आधी सुरू झाली होती. सुरक्षारक्षकांची बरीचशी भरती आणि प्रशिक्षण शेवटच्या काही महिन्यांत रेटलं गेलं. तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली, तर पाणी वेळेवर लागेलच असं नाही.

सगळंच गोड नव्हतं

लंडनच्या स्वयंसेवकांना गणवेश, ड्यूटीच्या दिवशीचा शहरातला प्रवास आणि जेवण मिळायचं. पण बाहेरगावहून येणाऱ्याने राहायची सोय स्वतःची स्वतः करायची. किमान १० दिवस काम आणि प्रशिक्षणाचे दिवस वेगळे. ज्याचं हातावर पोट आहे त्याने हे कसं करायचं? यावर तेव्हा टीका झाली आणि ती रास्त होती. पुढे २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत सुमारे १२,५०० स्वयंसेवक होते. तिथे ज्यांना खर्च झेपत नाही अशांना प्रवास-निवासासाठी मदत देण्याची सोय केली गेली. फुकट काम करायलाही खिशात पैसे लागतात, हे कोणीतरी लक्षात घेतलं.

आता आपल्या धंद्यात या

तुम्ही म्हणाल, "सर, कुठे ऑलिंपिक आणि कुठे माझं फराळाचं युनिट!" ठीक आहे, फराळच घेऊ. दिवाळीचे १५ दिवस. एरवी तुम्ही आणि एक ताई. दिवाळीला लागतात आणखी ६ जणी. घाणा काढणाऱ्या, चकली पाडणाऱ्या, वजन-पॅकिंग करणाऱ्या.

समजा, नवीन बाईचे पहिले ३ दिवस शिकण्यात जातात आणि तेव्हा काम निम्मंच होतं. सहाही जणी नवीन असतील तर ६ गुणिले ३ गुणिले अर्धा, म्हणजे ९ दिवसांची मजुरी शिकण्यात गेली. त्यातल्या ४ जणी गेल्या वर्षीच्याच असतील, तर नवीन फक्त दोघी, म्हणजे फक्त ३ दिवस. ६ दिवसांची मजुरी वाचली. ५०० रुपये रोज धरला तर ३,००० रुपये. करपलेला घाणा आणि परत आलेली ऑर्डर यांचा हिशेब अजून धरलेलाच नाही!

मग काय करायचं?

हंगामाच्या आधी माणसं जोडा. दिवाळीची माणसं श्रावणात शोधा. नवरात्रात शोधाल तर उरलीसुरली मिळतील. राखीला थोड्या ऑर्डर येतात, तेव्हाच दोन-दोन दिवस बोलवून बघा.

तीन टप्प्यांत शिकवा. आधी आपला माल कोण घेतं आणि स्वच्छता का पाळायची. मग तिचं एकच काम, नीट. मग जागा: गॅसचा कॉक कुठे, सील मशीन कसं बंद करायचं, भाजलं तर काय करायचं. अर्धा दिवस लागतो. तो वाया जात नाही.

एक दार अननुभवी माणसासाठी ठेवा. सहांपैकी दोन जागा अशा ठेवा की जिथे "आधी कुठे काम केलंय?" हा प्रश्नच विचारायचा नाही. ज्याला पहिली संधी तुम्ही दिलीत, तो माणूस सहसा विसरत नाही.

नाव आणि मान द्या. लंडनमध्ये ठरावीक पाळ्या पूर्ण केल्या की कांस्य, रौप्य, सुवर्ण अशा पिना मिळायच्या. पिनेची किंमत किती? पण लोकांनी त्या जपून ठेवल्या. तुम्ही ॲप्रनवर नाव शिवून द्या. वेळेवर चहा द्या. हंगाम संपल्यावर "यांनी अमुक काम केलं, इतके दिवस केलं" असं सही-शिक्क्याचं पत्र द्या.

यादी जपा. नाव, फोन, कोणतं काम चांगलं येतं, कोणत्या वेळी जमतं. एक वही पुरे. संक्रांतीला एक फोन करा, कामासाठी नाही, तिळगूळ घ्यायला या म्हणून.

एक रेष मात्र ओलांडायची नाही

हे स्पष्ट सांगतो, कारण व्हिडिओ बघून काही जणांच्या डोक्यात भलताच हिशेब सुरू होईल. स्वयंसेवक म्हणजे फुकटचा मजूर नव्हे. स्वयंसेवा स्पर्धेसाठी असते, गणपती मंडळासाठी असते, वारीसाठी असते, रक्तदान शिबिरासाठी असते. तुमच्या नफ्यासाठी नसते. जिथे तुम्ही माल विकून पैसे कमावता, तिथे काम करणाऱ्याला मजुरी मिळालीच पाहिजे, आणि ती किमान वेतनाच्या खाली नको. 'इंटर्नशिप' असं गोंडस नाव देऊन पोरांना महिनोन्महिने फुकट राबवणं हा धंदा नाही. शिकाऊ उमेदवारालाही कायद्याने विद्यावेतन द्यावंच लागतं.

मँचेस्टरकडून पगार वाचवायची युक्ती घ्यायची नाही. पगाराच्या पलीकडे माणसाला काय द्यायचं, ते घ्यायचं.

संधी आपल्या शेजारीच येतेय

पुण्यात बालेवाडीला २००८ मध्ये राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाली. आता २०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार आहे. मुंबई-नाशिककरांना ते काही लांब नाही. केटरिंग, छपाई, गणवेश, वाहतूक, साफसफाई, अशा कामांत छोट्या उद्योजकाला शिरायचं असेल तर पहिला प्रश्न येईल, "तयार माणसं किती आहेत?" ज्याच्याकडे यादी असेल तोच उत्तर देऊ शकेल.

या आठवड्याचा गृहपाठ

वही काढा. गेल्या दोन वर्षांत तुमच्याकडे एक दिवस जरी काम केलेल्या प्रत्येकाचं नाव लिहा. नावापुढे दोन खुणा करा: पुन्हा बोलवाल का? आणि ते पुन्हा येतील का? दुसऱ्या रकान्यात जिथे 'नाही' आलं, तिथे का आलं ते एका ओळीत लिहा. पुढच्या व्हिडिओत आपण याच यादीवरून हंगामी टीमचा तक्ता बनवायचा आहे, तेव्हा वही सोबत घेऊनच बसा.