सुंदर बाईचा साचा

जुन्नरजवळच्या नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहन राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आज मागच्या भिंतीवर ब्राह्मी लिपीतली नावं आणि पायांचे अवशेष तेवढे उरलेत. राणी नागनिकेचं नाव आहे, चेहरा नाही. तरी तिचं चित्र काढा म्हटलं, तर बहुतेक जण गोरा रंग, टपोरे डोळे, सरळ नाक आणि भरजरी साडी रंगवतील. हा चेहरा आपल्या मनात आला कुठून?

बराचसा पुणे जिल्ह्यातूनच आला. राजा रविवर्मांचा १८९४ साली मुंबईत सुरू झालेला छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्यात छापलेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या भिंतींवर लागल्या. नंतर चित्रकार दलाल-मुळगावकरांच्या मुखपृष्ठांनी आणि कॅलेंडरांनी तो साचा पक्का केला.

बंगळूरच्या कलाकार पुष्पमाला एन. यांनी या साच्यालाच हात घातला. त्यांचं काम संकल्पनात्मक छायाचित्रणाचं; त्यात प्रश्न आधी मनात असतो आणि त्यासाठी देखावा उभारून फोटो घेतात. २००० ते २००४ या काळात छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्यासोबत त्यांनी दक्षिण भारतातल्या स्त्रियांच्या प्रतिमांची मालिका केली. रंगवलेला पडदा, दागिने, प्रकाश सगळं जुन्या चित्रांसारखं. मध्ये मात्र स्वतः पुष्पमाला. त्या कधी रविवर्मांची लक्ष्मी होतात, तर कधी चौकटींच्या पडद्यापुढे उभी असलेली तोडा जमातीची बाई होतात. इंग्रज अमदानीत माणसांची मापं घेण्यासाठी असे पडदे वापरत. चेहरा एकच, पण एका फोटोपुढे हात जोडावेसे वाटतात आणि दुसऱ्यात तो मोजमापाचा नमुना ठरतो. मला ही मालिका फार मोलाची वाटते, कारण सौंदर्य चेहऱ्यापेक्षा त्याच्याभोवती उभ्या केलेल्या देखाव्यात किती असतं, हे ती व्याख्यान न देता दाखवते.

तो देखावा आता मोबाइलमध्ये आणि फोटो स्टुडिओतही आलाय. लग्नाच्या बायोडाटासाठी फोटो काढला की मुलीचा रंग उजळतो, गालावरचा तीळ जातो, हनुवटी निमुळती होते. अनेकदा तिला कुणी विचारतही नाही. नारायणगाव, मंचर, घोडेगावच्या स्टुडिओवाल्यांना म्हणूनच एक विनंती आहे: चेहऱ्यात काही बदलण्याआधी तिला विचारा. आणि आईवडिलांनो, तिने नको म्हटलं तर तो फोटो आहे तसाच पाठवा.