दाराशी कोण आलं, हे नेमकं कोण सांगतं?

प्रमाणविचारावरच्या या मालेत आज आपण उदाहरण घेतलंय ते थेट सर्व्हरच्या खोलीतलं. तत्त्वज्ञानाच्या माणसांनी या भानगडीत कशाला पडावं, असं कुणी म्हणेल. पण प्रश्न मुळात आमच्याच घरचा आहे: दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास केव्हा ठेवावा?

आधी मांडणी समजून घेऊ. एखाद्या विद्यापीठात ग्रंथालयाचं वेब अ‍ॅप्लिकेशन आहे, निकालाचं आहे, रजेच्या अर्जाचं आहे. प्रत्येकानं स्वतःचा वेगळा पासवर्ड मागायचा म्हटलं तर माणसं तो कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवणार. म्हणून ओळख पटवण्याचं काम पुढच्या वेब सर्व्हरकडे देतात. हा सर्व्हर म्हणजे अपाचे किंवा एनजिनएक्स. तो कर्बेरोससारख्या पद्धतीनं माणसाची खातरजमा करतो आणि मागे बसलेल्या अ‍ॅप्लिकेशनला फक्त नाव कळवतो. ज्या चलातून हे नाव जातं त्याला ‘रिमोट यूजर’ म्हणतात. कल्पना जुनी आहे. वेब सर्व्हर आणि प्रोग्राम यांच्यातला सीजीआय हा करार 1993 पासूनचा, आणि 2004 साली त्याचं जे लेखी विवरण प्रसिद्ध झालं, त्यातही हे चल आहे.

आता गंमत बघा. अ‍ॅप्लिकेशननं पासवर्ड पाहिलेला नाही. त्याच्याकडे प्रत्यक्ष नाही, अनुमानही नाही. आहे तो केवळ शब्द. नैयायिकांनी शब्दाला प्रमाण मानलं, पण सरसकट कुणाच्याही नव्हे, तर आप्ताच्या शब्दाला. आप्त म्हणजे ज्याला वस्तू ठाऊक आहे आणि जी जशी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे. पुढचा सर्व्हर या दोन्ही कसोट्यांना उतरतो. आपल्या विषयात तिसरी कसोटी वाढते: कानावर आलेला शब्द खरोखर त्या आप्ताचाच आहे का? सगळी जोखीम इथे आहे.

जँगो या चौकटीत जुळणी करायला जेमतेम दोन ओळी लागतात. सेटिंगच्या फाइलमध्ये मिडलवेअरच्या यादीत ‘ऑथेंटिकेशन मिडलवेअर’च्या खाली ‘रिमोट यूजर मिडलवेअर’ लिहायचं, आणि ओळख तपासणाऱ्या बॅकएंडच्या यादीत ‘रिमोट यूजर बॅकएंड’ द्यायचं. एवढ्यावर काम सुरू होतं. मात्र यादीत हा एकच बॅकएंड ठेवला तर अ‍ॅप्लिकेशनचे स्वतःचे पासवर्ड चालेनासे होतात. अ‍ॅडमिनचं पानसुद्धा त्यांनी उघडत नाही. हे हवं असेल तर ठीकच, पण ते जाणूनबुजून केलेलं असावं.

आता नाव येतं कुठून ते पाहू. वेब सर्व्हर आणि अ‍ॅप्लिकेशन एकाच प्रक्रियेत असतील, म्हणजे अपाचेमध्ये मॉड-डब्ल्यूएसजीआय असेल, तर सर्व्हर ते चल स्वतः भरतो. ब्राउझरकडून आलेल्या हेडरना मागे पोचताना ‘एचटीटीपी’ हा उपसर्ग लागतो. त्यामुळे कुणी बाहेरून ‘रिमोट-यूजर’ नावाचं हेडर पाठवलं तरी ते उपसर्गासकट वेगळ्या नावानं येतं, खऱ्या चलाला धक्का लागत नाही. म्हणजे पाहुण्यानं आणलेली चिठ्ठी आणि द्वारपालाची नोंद या दोन वेगळ्या वह्यांत राहतात.

पण हल्ली बहुतेक ठिकाणी पुढे एनजिनएक्स प्रॉक्सी आणि मागे वेगळ्या पोर्टवर अ‍ॅप्लिकेशन असतं. मध्ये फक्त एचटीटीपी. चल तिथून पलीकडे जात नाही, म्हणून नाव हेडरमधूनच पाठवावं लागतं. झालं, द्वारपालही चिठ्ठीच पाठवू लागला! अक्षर ओळखायची सोय नाही. पाहुण्यानं स्वतः ‘मी कुलसचिव’ असं लिहून पाठवलं, तर अ‍ॅप्लिकेशन त्याला कुलसचिव म्हणूनच आत घेईल. पासवर्ड फोडायची गरजच नाही. निकाल बदलता येईल, आणि नोंद मात्र निरपराध माणसाच्या नावावर राहील.

म्हणून तीन पथ्यं. पहिलं: बाहेरून आलेलं त्या नावाचं हेडर प्रॉक्सीनं दर वेळी पुसावं किंवा स्वतःच्या मूल्यानं झाकावं. एनजिनएक्समध्ये इथे एक खोच आहे. वरच्या पातळीवर लिहिलेले हेडरचे नियम आतल्या विभागाला वारशानं मिळतात, पण त्या विभागात तसाच एकही नियम लिहिला की वरचे सगळे गळून पडतात. दुसरं: हेडरच्या नावातला डॅश आणि अंडरस्कोर मागे पोचल्यावर एकसारखेच दिसतात. एनजिनएक्स अंडरस्कोरवाली हेडर मुळात टाकून देतो; ती सवय बंद करू नये. तिसरं: अ‍ॅप्लिकेशननं 127.0.0.1 वरच ऐकावं. त्याचं पोर्ट बाहेर उघडं असेल, तर द्वारपालाला वळसा घालून कुणीही आत येतं.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. जँगो अनोळखी नाव आलं की आपणहून नवं खातं उघडतो; नको असेल तर ‘क्रिएट अननोन यूजर’ हा पर्याय बंद करावा. आणि कर्बेरोसच्या नावामागे ‘अ‍ॅट’ चिन्हानंतर क्षेत्राचं नाव असतं. दोन क्षेत्रांवर विश्वास ठेवून ती शेपटी छाटली, तर दोन वेगळे ‘जोशी’ एकाच खात्यात शिरतील. नाव सारखं म्हणून व्यक्ती एक ठरत नाही, हे वर्गात आपण किती वेळा बोललोय!

बाहेर पडण्याचंही बघा. अ‍ॅप्लिकेशनमध्ये ‘लॉगआउट’ दाबलं तरी पुढच्या विनंतीसोबत द्वारपाल पुन्हा नाव कळवतो, की माणूस परत आत. सामायिक संगणकावर हे धोक्याचं आहे. तिथे पुढची ओळखच संपवावी लागते.

जुळणी झाल्यावर स्वतःच खोटी चिठ्ठी पाठवून पाहावी: एकदा डॅशनं, एकदा अंडरस्कोरनं, एकदा दुसऱ्या यंत्रावरून थेट मागच्या पोर्टवर. तिन्ही वेळा दार बंद राहिलं पाहिजे. मीमांसक ज्ञानाला स्वतःप्रमाण मानतात, नैयायिक म्हणतात की प्रामाण्य बाहेरून तपासावं लागतं. तो वाद आपण पुढच्या व्याख्यानात घेऊ. पण सर्व्हर लावताना मात्र आपण सगळ्यांनी नैयायिकच व्हावं. आता तुमचे प्रश्न येऊ द्यात.