वीज इथली, दर तिथला

नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये माझी सारी नोकरी झाली. 210 मेगावॉटचे तीन संच. त्यांतून किती वीज काढायची हे मात्र आमच्या हातात नव्हतं. कळव्याच्या भार प्रेषण केंद्रातून फोन यायचा, "नाशिक, लोड उतरवा." मग आम्ही एकेक कोल मिल बंद करत लोड खाली आणायचो. ग्रिडची वारंवारिता 50 हर्ट्झच्या आसपास राखायची तर कुणा एकाचा शब्द चालावाच लागतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण विजेचा दरही मुंबईतच ठरतो, कफ परेडला, वीज नियामक आयोगापुढे. आमचं केंद्र चालवणाऱ्या महानिर्मिती कंपनीचं मुख्यालयही मुंबईतच, वांद्र्याला. शेजारच्या नाशिकरोडला करन्सी नोट प्रेस 1928 पासून नोटा छापते आणि त्या पैशावर व्याज किती, हे ठरवते मुंबईतली रिझर्व्ह बँक.

माझ्या मते शहराचा दबदबा यावरूनच मोजावा: तिथे झालेला निर्णय किती लांबवर पाळला जातो? नुसत्या लोकसंख्येने वजन येत नाही. झुरिकची वस्ती चार-साडेचार लाखांची, नाशिकहून कितीतरी कमी; तरी तिथल्या बँकांचा शब्द जगभर चालतो. समाजशास्त्रज्ञ सास्किया सासेन यांनी 1991 साली न्यूयॉर्क, लंडन आणि टोकियोचा अभ्यास मांडला. कारखाने जगभर जितके पांगतात, तितकं त्यांना हाकण्याचं काम मोजक्या शहरांत गोळा होतं, असं त्यांचं म्हणणं. वकील, हिशेबनीस, विमेवाले, बँकर एकाच शहरात हाकेच्या अंतरावर हवेत.

मुंबईत हे हळूहळू जमत गेलं. 1853ची रेल्वे, मग अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला आलेला सोन्याचा भाव, 1869चा सुएझ कालवा, पुढच्याच वर्षी समुद्राखालून आलेली तार. लंडनचा भाव इथे लवकर कळू लागला. 1875 साली शेअर दलालांनी आपली संघटना बांधली.

12 ऑक्टोबर 2020ला मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, शेअर बाजाराचे व्यवहार मात्र सुरू राहिले. असं शहर आधी काय सांभाळतं, ते त्या सकाळी दिसलं.

इकडे एकलहऱ्यात, 210 मेगावॉटच्या तीन संचांच्या आधीचे, 1970च्या सुमाराचे दोन जुने संच केव्हाच बंद झाले. त्यांच्या जागी 660 मेगावॉटचा नवा संच द्या, ही एकलहऱ्याची मागणी वर्षानुवर्षांची आहे. गावाने निवेदनं दिली, मोर्चे काढले. निकाल लागायचा तो मुंबईतच.