हलत्या रेघांची मौज

व्यंगचित्रपट म्हणजे पोरांची करमणूक, असे म्हणून वडीलधारी माणसे तो पाहण्याचे टाळतात. आणि पाहावयास बसली की सर्वांआधी तीच हसतात! ही मोहिनी कशात आहे, याचा शोध आपण आपल्या मावळापासूनच घेऊ.

राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना मुंबईहून मळवलीस आला. या छापखान्याचे काम करणाऱ्या धुंडिराज गोविंद फाळके यांनी लोणावळ्यास स्वतःचाही छापखाना काढला. रंगीत शिळाछपाईत प्रत्येक रंगाचा दगड निराळा. एकाच कागदावर ते रंग क्रमाने चढतात. एखादा केसभर सरकला तरी लक्ष्मीचा चेहरा बिघडतो.

व्यंगचित्रपटाचेही असेच आहे. बोलपटाच्या फितीवर सेकंदाला २४ चित्रे सरकतात. एकेक चित्र दोनदा टिपले, तरी मिनिटाला ७२० चित्रे लागतात आणि प्रत्येक कागद खुंट्यांवर नेमका बसवावा लागतो. तो सरकला की चित्रातला कोल्हा चालायचे सोडून थरथरू लागतो!

एकेक चित्र टिपण्याची ही युक्ती फाळक्यांनी लवकरच हस्तगत केली. ‘अंकुराची वाढ’ या चित्रफितीत त्यांनी वाटाण्याचे रोप दिसामाजी टिपले. १९१५ च्या ‘आगकाड्यांची मौज’मध्ये निर्जीव काड्या थोड्याथोड्या हलवून नाचविल्या. पुढे १९३४ साली पुण्यात ‘प्रभात’ने रघुनाथ केळकरांच्या हातून ‘जंबूकाका’ हा व्यंगचित्रपट काढविला. तेथे काडीची जागा रेघेने घेतली.

काडीला डोळा नाही, रेघेला प्राण नाही. दोन चित्रांमधील रिकामी जागा आपले मन भरून काढते. म्हणजे निम्मा चित्रपट प्रेक्षकच काढतो. हाताने काढलेली रेघ हुबेहूब पुन्हा उमटत नाही. तिचा तो किंचित कंप आपल्याला श्वासासारखा भासतो. आम्हांस वाटते, मोहिनी आहे ती येथेच.

पण फाळक्यांची ती ‘मौज’ आज पाहावयास मिळत नाही. त्या काळची फीत नायट्रेटची. ती चटकन पेट घेई, आणि न पेटली तरी आपोआप कुजे. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली. तोवर बरेच काही गेले होते. म्हणून आपल्या माळ्यावर फितीचा जुना डबा सापडलाच, तर तो भंगारात घालू नये, दिव्याजवळ उघडू नये, संग्रहालयास कळवावे. एका मिनिटाच्या फितीमागेही कुणाचे तरी महिने खर्ची पडलेले असतात.