ग्राफाइट निसरडे, पण कुठे?

कार्बनची अपरूपे शिकवताना आपण फळ्यावर दोन आकृत्या काढतो. हिऱ्यात प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांना घट्ट धरून असतो, म्हणून हिरा कठीण. ग्राफाइटमध्ये तो तिघांनाच धरतो. त्यामुळे पापुद्रे तयार होतात, ते एकमेकांवरून घसरतात, म्हणून ग्राफाइट निसरडे. अडकलेल्या कुलपात पेन्सिलच्या शिशाची पूड घातली, की मुलांचीही खात्री पटते. आम्हीही वर्षानुवर्षे असेच शिकवले.

हे उत्तर अपुरे आहे, हे दुसऱ्या महायुद्धातील विमानांनी दाखवून दिले. विमानाच्या जनित्रात कार्बनचे ब्रश असतात. (मिक्सर दुरुस्त करणारा ‘कार्बन गेलेत’ म्हणतो, ते हेच.) जमिनीवर दीर्घकाळ टिकणारे हे ब्रश फार उंचीवर भराभर झिजून त्यांची पूड होऊ लागली. तिथली हवा विरळ आणि अगदी कोरडी! रॉबर्ट सॅव्हेज यांनी १९४०च्या दशकात निर्वातात प्रयोग करून दाखवले, की पाण्याची थोडी वाफ मिळाली तरच ग्राफाइट नीट घसरते. पापुद्र्यांच्या तुटक्या कडांवरील अणूंचे काही ‘हात’ मोकळे असतात आणि ते समोर येईल त्याला धरतात. वाफेचे रेणू या हातांना गुंतवून ठेवतात. वाफ नसेल, तर कार्बन कार्बनलाच पकडतो.

आता हिरासदृश कार्बनाकडे वळू. १९७१ मध्ये आयझेनबर्ग आणि शॅबो यांनी कार्बनच्या आयनांचा झोत सोडून असा पातळ लेप तयार केला. यात काही अणू हिऱ्यासारखे चौघांना धरतात, काही ग्राफाइटसारखे तिघांना; शिस्त अशी नाहीच. लेप कठीण असतो. दाढीच्या पात्यांवर आणि संगणकाच्या हार्ड डिस्कच्या तबकड्यांवर तो वापरला गेला. पण कठीण लेप निसरडा असेलच असे नाही.

इथे अमेरिकेतील आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत तेव्हा काम करणारे पदार्थवैज्ञानिक अली एर्देमिर यांचे काम महत्त्वाचे ठरते. त्यांच्या गटाने १९९०च्या दशकात मिथेनमध्ये भरपूर हायड्रोजन मिसळून, त्या मिश्रणाच्या प्लाझ्मातून लेप चढवले. कोरड्या नायट्रोजनमध्ये अशा लेपाचा घर्षणांक ०.००१ इतका खाली आला. वर्गात सांगायचे तर, शंभर किलोचे ओझे आडवे सरकवायला शंभर ग्रॅम वजनाइतका जोर पुरे. कोरड्या पोलादावर पोलाद सरकवताना तोच जोर साठेक किलोंचा लागतो. उलट हायड्रोजन नसलेला लेप कोरड्या वायूत जवळजवळ पोलादाइतकाच अडतो.

म्हणजे पुन्हा मोकळ्या हातांचाच प्रश्न! ग्राफाइटला वाफ बाहेरून मिळावी लागते. इथे हायड्रोजनचे अणू लेपातच असतात आणि पृष्ठभागावरचे हात झाकून टाकतात. गंमत अशी, की दमट हवेत या लेपाचे घर्षण वाढते. ग्राफाइटच्या अगदी उलट. आकृती काढताना आपण पदार्थाच्या आतले बंध दाखवतो, पृष्ठभाग मात्र कागदाबाहेरच राहतो.

लेप किती काळ टिकणार, ही अडचण होतीच. २०१६ मध्ये एर्देमिर व सहकाऱ्यांनी तांबेयुक्त नायट्राइडचा एक लेप जाहीर केला. तो उत्प्रेरकाचे काम करतो. घासले जाताना त्याच्यावरील वंगणतेलाचे रेणू तुटतात आणि त्यांतूनच हिरासदृश कार्बनाचा थर जमतो. तो झिजला, की त्याच जागी तेलातून नवा जमतो.